ओटीपीचं पुराण पुरे, हिशोबाची दुसरी प्रत कुठंय ते सांगा!

"ओटीपी कुणाला सांगू नका" हे वाक्य आता डहाणू-तलासरीत शेंबड्या पोरालाही पाठ आहे. सायबर जनजागृतीचा कार्यक्रम म्हटलं की बॅनर, पुष्पगुच्छ, हेच वाक्य आणि शेवटी ग्रुप फोटो. आम्ही पत्रकार बातमी लावतो. विषय संपला.

माझा सवाल वेगळा आहे. डहाणूतला फुग्यांचा कारखाना, घोलवड-बोर्डीचा चिकू बाहेरगावी पाठवणारा व्यापारी, तलासरीत हायवेलगतचा ट्रान्सपोर्टवाला, राईस मिल, पतसंस्था... यांचा सगळा कारभार बहुतेक वेळा एकाच कम्प्युटरवर. टॅली त्यातच, जीएसटीची बिलं त्यातच, कामगारांचे पगार त्यातच, गावभरची उधारीही त्यातच. उद्या सकाळी तो चालू केला आणि स्क्रीनवर आलं, "तुमच्या फायली कुलूपबंद केल्यात, पैसे भरा"? इथे ओटीपी कुणी मागितलाच नाही. मग ते पाठ केलेलं वाक्य काय कामाचं?

यावर दोन उत्तरं ठरलेली असतात.

पहिलं, "आपल्याला कोण विचारतंय? आपण केवढे!" अहो, हे व्हायरस दुकानाची पाटी वाचून येत नाहीत. जिथे कडी लागलेली नाही तिथे शिरतात. जुनं विंडोज, क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर आणि सगळ्या स्टाफला मिळून एकच पासवर्ड, म्हणजे दार सताड उघडं.

दुसरं, "आमचा सॉफ्टवेअरवाला बघतो." त्याचं उत्तर जुलै २०२४ मध्ये मिळालंय. छोट्या सहकारी आणि ग्रामीण बँकांना तांत्रिक सेवा देणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. धोका पसरू नये म्हणून ३१ जुलैला तिला पेमेंटच्या जाळ्यातून तोडावं लागलं. बातम्यांनुसार जवळपास ३०० छोट्या बँकांचे व्यवहार अडकले. दुखणं सेवा देणाऱ्याचं, रखडले बँकांचे ग्राहक.

आता मोठ्यांचं ऐका. जून २०१७ मध्ये युक्रेनमधल्या एका हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून नॉटपेट्या नावाचा व्हायरस जगभर पसरला. मर्स्क ही अवाढव्य जहाज कंपनी आडवी झाली. आपल्या उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातलं तिच्या समूहाचं टर्मिनलसुद्धा ठप्प झालं. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरचं. कंपनीच्या सगळ्या यंत्रणेची किल्ली असलेल्या सर्व्हरच्या जगभरातल्या प्रती पुसल्या गेल्या, एक सोडून. ती वाचली घानामधल्या ऑफिसात. का? तर तिथली लाईट गेली होती, म्हणून तो सर्व्हर नेटला जोडलेलाच नव्हता! त्या एका प्रतीवरून कंपनी पुन्हा उभी राहिली.

लाईट जाणं आपल्याला नवीन नाही. पण कम्प्युटरपासून तोडून ठेवलेली प्रत आपल्याकडे किती जणांकडे आहे? काही हजारांची हार्ड डिस्क येते. दर शनिवारी कॉपी काढायची, डिस्क काढून घरच्या कपाटात ठेवायची. कायम लावून ठेवलीत तर तीही कुलूपबंद होईल. आणि त्या कॉपीतून हिशोब खरंच उघडतो का, ते दोन-तीन महिन्यांनी तपासायचं. पैसे गेले तर लगेच १९३०. तेवढीच घाई बँकेला कळवायची.

पण सगळं व्यापाऱ्याच्याच माथी मारून चालणार नाही. जीएसटी ऑनलाईन, ई-वे बिल ऑनलाईन, परवाना ऑनलाईन. सक्ती सरकारने केली ना? सायबर हल्ला झाला तर सहा तासांत सर्ट-इनला कळवा, असा आदेश २८ एप्रिल २०२२ चा आहे. आपल्या बाजारपेठेत किती जणांनी सर्ट-इनचं नाव तरी ऐकलंय? नियम करायला दिल्ली, पाळायला डहाणू, आणि समजावून सांगायला कुणीच नाही!

म्हणून माझी मागणी साधी आहे. पालघरच्या जिल्हा उद्योग केंद्राने आणि पोलिसांच्या सायबर विभागाने हार-तुऱ्यांचे कार्यक्रम बंद करावेत. त्याऐवजी डहाणू आणि तलासरीत महिन्यातून एक दिवस टेबल टाकून बसावं. ज्याला पाहिजे त्याने कम्प्युटर, लॅपटॉप घेऊन यावं, तिथेच बॅकअप कसा काढायचा ते करून दाखवावं.

आणि व्यापारी संघटनांच्या, पतसंस्थांच्या पदाधिकाऱ्यांनो, पुढच्या मीटिंगला सॉफ्टवेअरवाल्याला समोर बसवा आणि विचारा: आमची दुसरी प्रत कुठे आहे? शेवटची कधी काढली? तुझाच सर्व्हर बसला तर आम्ही किती दिवसांत उभे राहू? उत्तर लेखी घ्या. तो टाळाटाळ करायला लागला तर सभासदांना तसं स्पष्ट सांगा. पैसा त्यांचा आहे.