बाळाचा धर्म कोणता लिहू?

मागच्या महिन्यात जबलपूरच्या विजय नगरात माझ्या ताईच्या मुलीचा नामकरण विधी झाला. टेबलावर पांढरी चादर, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमा, मेणबत्त्या, फुलं, आत पातेलंभर खीर. आम्ही गोंदियाहून गेलो होतो, ताईच्या सासरचे नागपूरहून आले होते. भन्तेजींनी त्रिशरण-पंचशील दिलं, नाव जाहीर झालं, टाळ्या वाजल्या. एक काका कौतुकानं म्हणाले, "चला, धम्माच्या परिवारात आणखी एकीची भर पडली!"

संध्याकाळी पाहुणे पांगल्यावर जिजाजींनी दवाखान्यातून आणलेला जन्मनोंदणीचा अर्ज माझ्यापुढे ठेवला. आपल्या घरांमध्ये अर्ज भरायचं काम कुणाकडे येतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. जो पहिल्यांदा कॉलेजात गेला, त्याच्याकडे. मी लिहीत लिहीत धर्माच्या रकान्यापाशी आले आणि 'बौ' लिहिलं, तोच जिजाजींनी हात धरला. "हिंदू लिही. माझ्या शाळेच्या कागदांवर हिंदूच आहे. उद्या पोरीचा जातीचा दाखला अडला तर?"

सकाळी पांढरा सदरा घालून हात जोडणारा तोच माणूस. मला हसू आलं नाही. कारण माझ्या स्वतःच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'हिंदू महार' असं लिहिलेलं आहे. बाबांनी लिहिलं, मी पीएच.डी.पर्यंत तसंच मिरवत आले.

ही भीती आकाशातून पडलेली नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये त्यात शिखांना घेतलं. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात लाखो लोकांनी धम्म स्वीकारला आणि केंद्राच्या सवलतींतून ते एका फटक्यात बाहेर फेकले गेले. बौद्धांना तो दर्जा मिळाला १९९० मध्ये. मधली चौतीस वर्षं! त्या काळात ज्या बापानं पोराच्या नावापुढे 'हिंदू' लिहिलं, त्यानं पोराच्या पुस्तकाची, वसतिगृहाची, नोकरीची सोय पाहिली. त्याला मी दोष देणार नाही. भाकरी की धम्म, हा प्रश्न त्याच्यापुढे सरकारनं टाकला होता.

पण १९९० ला आता तीन दशकं उलटून गेली. २०११ च्या जनगणनेत अनुसूचित जातींमधल्या ५७ लाखांहून अधिक लोकांनी धर्म 'बौद्ध' असा नोंदवला. धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' आणि जातीच्या रकान्यात यादीतलं जातीचं नाव, हे दोन्ही एकाच कागदावर कायद्यानं बसतं. महार ही जात मध्य प्रदेशाच्याही यादीत आहे. मग चौतीस वर्षांची जुनी भीती आज कोण जिवंत ठेवतं? कचेरीतला बाबू ठेवतो, हे खरं. 'बौद्ध लिहिलं तर लफडं होईल' हे त्याचं वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. पण त्याला नियम दाखवण्याऐवजी मान डोलावणारे कोण? आपणच, डिग्र्या घेतलेले. आजोबांकडे कायदा नव्हता. आपल्याकडे तो आहे आणि आपण तो वाचत नाही.

काही मित्र म्हणतील, धम्म मनात असतो, कागदात काय आहे? जन्मनोंदणीतला धर्म तर प्रमाणपत्रावर छापलाही जात नाही, तो फक्त आकडेवारीसाठी असतो. बरोबर. पण तीच सवय पुढे शाळेच्या दाखिल-खारिज पंजीत उतरते, मग दाखल्यावर, मग सेवापुस्तकात. आणि मध्य प्रदेशात तर या सवयीला आणखी एक फास आहे.

मध्य प्रदेश धर्म स्वातंत्र्य अधिनियम, २०२१ काढून वाचा. धर्म बदलायचा असेल तर साठ दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना घोषणापत्र द्यावं लागतं. 'पैतृक धर्मात' परत जाणं मात्र या कायद्याच्या लेखी धर्मांतरच नाही. आणि पैतृक धर्म म्हणजे काय? माणसाच्या जन्मावेळी त्याच्या बापाचा जो धर्म होता, तो. नोव्हेंबर २०२२ मध्ये याच जबलपुरातल्या उच्च न्यायालयानं स्वेच्छेनं लग्न करणाऱ्या सज्ञानांविरुद्ध या नोटिशीच्या कलमाखाली कारवाई करू नये असा अंतरिम आदेश दिला. कायदा मात्र जागेवर आहे.

आता विजय नगरातल्या त्या बाळाकडे पुन्हा पाहा. बाप विहारात बौद्ध, कागदावर हिंदू. वीस वर्षांनी ही मुलगी 'मी बौद्ध' म्हणाली, तर कुणीही तिच्या बापाचे कागद पुढे करून विचारू शकेल, घोषणापत्र कुठे आहे? आणि तिला कुणी उलट्या दिशेनं ओढलं तर ती 'घरवापसी', तिला नोटीस लागत नाही. एक दार सताड उघडं आणि दुसऱ्यावर पहारा. त्या पहारेकऱ्याच्या हातात आपण स्वतःहून कागद का द्यायचा? आणि आईच्या धर्माला त्या व्याख्येत जागाच नाही, हेही ध्यानात घ्या.

जबलपुरात आपल्या माणसांना आणखी एक टोमणा ऐकावा लागतो, 'तुमचा तो महाराष्ट्राचा धर्म.' त्यांना इतिहास सांगा. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती आणि जबलपूर त्याच राज्यात होतं. राज्य पुनर्रचना झाली १ नोव्हेंबरला. धम्मदीक्षा महाराष्ट्रात नव्हे, तर तेव्हाच्या मध्य प्रदेशाच्या राजधानीत झाली. सीमा नंतर सरकली. छोट्या लाईनीनं गोंदियाहून कारखान्यांत आणि रेल्वेत कामाला आलेली आपली माणसं परका धर्म घेऊन आली नव्हती.

आता 'वाढत्या परिवारा'चा हिशेब. महाराष्ट्रात १९५१ मध्ये २,४८७ बौद्ध होते, १९६१ मध्ये २७ लाख ८९ हजार झाले. त्याला वाढ म्हणतात. आणि २००१ ते २०११? देशाची लोकसंख्या १७.७ टक्क्यांनी वाढली, बौद्धांची ६.१ टक्क्यांनी. अख्ख्या मध्य प्रदेशात बौद्ध सुमारे २ लाख १६ हजार. कुटुंबं लहान झाली, मुली शिकल्या, हे त्यामागे आहेच आणि ते चांगलंच आहे. पोरं जास्त जन्माला घाला असं मी म्हणणार नाही, ती भाषा त्यांची. पण जन्मलेलं एकुलतं बाळ आपल्याच हातानं दुसऱ्याच्या खात्यात जमा करायचं, आणि वर खीर वाटून 'परिवार वाढला' म्हणायचं, ही स्वतःची फसवणूक आहे.

ती फक्त अर्जात होत नाही. विधीच्या आधी, पाचव्या दिवशी, त्याच घरात सटवाईपुढे कोरा कागद आणि पेन ठेवलं होतं, बाळाचं नशीब लिहायला. नावाचं अक्षरही पंचांगातून काढून आणलं होतं. बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञांनंतर हे आपल्या घरात! 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी दाखवून दिलंय की भिक्खूंसाठी दीक्षा होती, पण उपासकांसाठी वेगळी धम्मदीक्षा नव्हती. त्यामुळे लोक या धर्मातून त्या धर्मात भटकत राहिले, किंबहुना एकाच वेळी दोन्ही पाळत राहिले. भारतातून बौद्ध धम्म लोपण्याचं ते एक कारण त्यांनी मानलं. सकाळी भन्तेजी, रात्री सटवाई आणि अर्जात हिंदू, हे तेच जुनं दुखणं आहे.

'अजाण बाळावर धर्म कशाला लादता?' असं विचारणारे पुरोगामी मित्रही भेटतात. प्रश्न चांगला आहे, पण रकाना कोरा ठेवला तर व्यवस्था तो भरून घेते, आणि काय भरते हे सांगायला नको. धम्म जन्मानं मिळत नाही, मीही तेच म्हणते. मुलगी मोठी होईल, प्रतिज्ञा वाचेल, पटल्या तर घेईल, नाही पटल्या तर सोडेल. तो निर्णय तिचा. पण तो घेताना तिला आमच्या भीतीचं ओझं उतरवावं लागू नये.

त्या संध्याकाळी निकाल मी नाही लावला. आतून ताई बाळाला खांद्यावर घेऊन आली आणि जिजाजींना म्हणाली, "बाबासाहेबांचा फोटो काय नुसता सेल्फीसाठी लावला होता का?" जिजाजी जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "लिही."

धर्म: बौद्ध. जात: महार. जात लिहिताना हात अडखळतो, माझाही अडखळला. पण ते नाव पिढ्यान्‌पिढ्या झालेल्या नुकसानीची नोंद आहे, भरपाई होईपर्यंत ती खोडू नका.

माझ्या स्वतःच्या कागदांची दुरुस्ती मी आता हाती घेतली आहे. २०२७ च्या जनगणनेत १९३१ नंतर पहिल्यांदाच सगळ्यांची जात विचारली जाणार आहे. प्रगणक दारात मोबाईल घेऊन येईल. आई-बाबांना आत पाठवू नका, स्वतः उभे राहा, आणि तो धर्माच्या रकान्यात काय टिपतो ते डोळ्यांनी पाहा. घरातले अर्ज आपणच भरतो ना? मग चूकही आपलीच आणि दुरुस्तीही आपलीच.

जयभीम.