शाखा की पाटी?

'आमची कोठेही शाखा नाही' असं अभिमानाने लिहिणाऱ्या पुण्याच्या पेठांतल्या दुकानदारांपुढे सध्या एक प्रश्न आहे: वेबसाइट काढायची का? विचारणारे बहुधा घरचेच. सून म्हणते, काढू या. पुतण्या म्हणतो, दोन दिवसांत करून देतो. गल्ल्यावरचे काका म्हणतात, गिऱ्हाईक येतंय की, कशाला हवी? तिघांचंही थोडंथोडं बरोबर आहे. पण तिथे रोज बसणार कोण, हे तिघांपैकी एकही विचारत नाही. माल विकणारी वेबसाइट ही शाखाच असते.

मेतकूट, भाजणी, गोडा मसाला, उन्हाळ्यात कुरडया-सांडगे विकणारं दुकान घ्या. काउंटरवर हिशेब सोपा असतो. माल संपला की काका हाताने 'नाही' अशी खूण करतात. वेबसाइटला ती खूण दिसत नाही. भाजणीची शेवटची पाकिटं सकाळी काउंटरवरून गेली, तरी पडद्यावर ती शिल्लकच. रात्री कुणीतरी पैसे भरून मोकळा होतो आणि दुसऱ्या दिवशी परताव्याचा घोळ सुरू. पाकिटावरचं वजन, कमाल किंमत, उत्पादकाचं नाव-पत्ता हे पडद्यावरही दाखवावं लागतं. वजनमापांच्या नियमांत २०१८ पासून तशी तरतूद आहे. शिवाय २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव जाहीर करायचं, तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची, निवारण महिन्याभरात करायचं. दोन माणसांच्या दुकानात हा अधिकारी म्हणजे काकाच, आणि दुपारी १ ते ४ ते कुणाचंच ऐकत नाहीत. कुरडईबद्दल तर बोलायलाच नको. पुण्याहून नागपूरला कुरिअरने ती अख्खी पोचली, तर ती नीट वाळलीच नव्हती असं समजावं.

म्हणून वेबसाइट नकोच, हा काकांचा निष्कर्ष मात्र चुकीचा. दुकान नेटवर केव्हाच गेलेलं आहे, फक्त काकांना न विचारता. गूगलच्या नकाशावर कुणीही फोटो टाकतं, कुणीही वेळा सुचवतं. सोमवारची सुट्टी तिथे नोंदलेली नसली की पिंपरीहून आलेला माणूस बंद शटर बघून परत जातो आणि जाता जाता एक तारा देऊन जातो. ती नोंद आपल्या ताब्यात घ्यायला पैसे पडत नाहीत. पहिलं काम ते. गावातल्या ऑर्डरींसाठी तर वेगळं काही उभारायलाच नको. २०२० च्या टाळेबंदीत व्हॉट्सअ‍ॅपवर याद्या पाठवायची सवय लोकांना लागली, ती टिकली आहे, आणि क्यूआर कोड तर भाजीवालीकडेही आहे.

उरतं एक पान. दुकानाच्या वेळा, सुट्ट्या, पत्ता, फोन, भावांची यादी आणि ती कोणत्या तारखेची आहे, एवढंच, आणि तेही मराठीत. पानाचा नेटवरचा पत्ताही देवनागरीत घेता येतो, '.भारत' ही सोय २०१४ पासून आहे, फारसं कुणी वापरत नाही हा भाग वेगळा. मात्र यादी वेळच्या वेळी बदलायची, नाहीतर सरकत्या पट्टीवर 'दिवाळी २०१९ च्या हार्दिक शुभेच्छा' आणि खाली त्याच वर्षीचे चकलीचे भाव, अशी पानं आपण पाहतोच. अशा पानापेक्षा पान नसलेलं बरं. निदान भावावरून वाद होत नाही.

विक्रीची शाखा काढावी ती दुसरीकडे मिळत नाही आणि प्रवासात टिकतो अशा मालासाठी, तोही मागणारा दूर असेल तरच. मेतकुटाला बंगळुरूत गिऱ्हाईक आहे, आणि पाकीट धक्के खात गेलं तरी त्याचं काही बिघडत नाही. तेव्हा चार-पाच जिनसाच ठेवाव्यात, ऑर्डरी आठवड्यातून दोनच दिवस पाठवाव्यात आणि तसं ठळक लिहावं. सगळं दुकान पडद्यावर ओतायचा सल्ला देणारा माणूस बहुधा पानांच्या संख्येवर बिल लावणारा असतो.

आणि पुतण्याचं. पोरगा हुशार आहे, काम खरंच दोन दिवसांत करतो. पण डोमेन तो स्वतःच्या नावावर, कॉलेजच्या ईमेलवर नोंदवतो. मग तो नोकरीला हैदराबादला जातो, कॉलेजचं खातं बंद होतं आणि नूतनीकरणाची सूचना त्या बंद खात्यावर जात राहते. नोंदणी दुकानाच्या नावावर, ईमेल काकांचा आणि पासवर्ड काकूंच्या वहीत, एवढं झालं की मग पानाचा रंग पुतण्याला ठरवू द्या.