यंत्राचा झुरका आणि माणसाचा झुरका

पंचवटीतील एखाद्या टपरीवर विडीचे बंडल घेणाऱ्या श्रमिकास त्या विडीच्या धुरातून आपल्या शरीरात किती निकोटीन जाते, हे कळण्याचा मार्ग नाही. सिन्नरसारखे विडीचे जुने केंद्र ज्या जिल्ह्यात आहे, त्याने तरी हा प्रश्न विचारावयास हवा. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यात वेष्टनावर निकोटीन व टार यांचे प्रमाण नोंदविण्याचे कलम आहे. २०१८ साली नोएडा येथे राष्ट्रीय तंबाखू चाचणी प्रयोगशाळाही सुरू झाली. मग अडचण कोठे आहे? आमच्या मते, ती मापातच आहे.

प्रयोगशाळेतील प्रचलित रीत अशी: यंत्र दर मिनिटास दोन सेकंदांचा, ३५ घनसेंटिमीटरचा एक झुरका घेते. धुराचे कण काचतंतूंच्या गाळणीवर अडकतात. ती द्रावकात भिजवून उतरलेले निकोटीन गॅस क्रोमॅटोग्राफीने मोजतात. आकडा अचूक येतो. पण तो यंत्राचा असतो. ‘सौम्य’ सिगारेटच्या फिल्टरला सूक्ष्म छिद्रे असतात. यंत्रात त्यांतून हवा मिसळते व आकडा लहान दिसतो. माणसाची बोटे व ओठ तीच छिद्रे झाकतात, आणि तलफ भागेपर्यंत तो खोल झुरके घेतो. अशा आकड्यांनी ग्राहकाची दिशाभूल होते, हे ध्यानी घेऊनच अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने २००८ मध्ये या पद्धतीस दिलेली मान्यता काढून घेतली.

विडीची गोष्ट तर याहून निराळी. टेंभुर्णीच्या पानातून हवा सहज आत शिरत नाही. मिनिटभर थांबल्यास विडी विझू लागते. ती पेटती ठेवण्यासाठी ओढणारास वारंवार झुरके घ्यावे लागतात. सिगारेटचे माप तिला जसेच्या तसे लावणे म्हणूनच अयोग्य होय. आणि विडीत तंबाखू थोडी, सबब अपायही थोडा, हा समजही तितकाच फसवा होय.

मोजमाप व्यर्थ आहे, असे आमचे म्हणणे नाही. उत्पादकांवर देखरेख ठेवण्यास ते अवश्य हवे. परंतु शासनाने विडीसाठी तिच्या ओढण्याच्या रीतीस अनुसरून पद्धत ठरवावी, निष्कर्ष मराठीतून जनतेपुढे ठेवावेत आणि वेष्टनावरील आकड्यांच्या कलमाचा फेरविचार करावा. छापलेला लहान आकडा पाहून श्रमिक निर्धास्त होणार असेल, तर त्या छपाईने त्याचे अहितच होईल.