पालखी कोण उचलणार?

गावात ऐतिहासिक लढाईचे प्रसंग उभे करणारं पथक काढायचं ठरलं आणि पहिल्याच बैठकीत ९ जणांना घोड्यावर बसायचं होतं. गावात घोडा एक नाही, ते सोडा.

प्रसंग जुलै १६६० चा, पन्हाळा ते विशाळगड. घोड्यावर मिरवायचा हा प्रसंगच नव्हे. रात्र, पाऊस, ६० किलोमीटरच्या आसपासची चिखलाची वाट आणि खांद्यावर पालखी. दुसऱ्या पालखीत महाराजांच्या वेशात बसून मरण पत्करलं ते शिवा काशीद, नेबापूरचे, जातीनं नाभिक. त्यांचं काम कोण करणार, असं विचारल्यावर जो तो खाली बघाय लागला. एक पोरगा तोंडावर म्हणाला, "आबा, ते त्यांच्यातल्याच कुणाला तरी द्या की."

म्हंजे राजासाठी मरताना चाललं, आज नुसतं सोंग घ्यायचं तर जात आडवी आली! फ्लेक्सवर मात्र अठरापगड मावळे छापायचे.

डीजेला आणि भाड्याच्या चकचकीत तलवारींना वर्गणी निघते. दांडपट्टा शिकवणाऱ्या वस्तादांना चहासुद्धा कुणी पाजत नाही. पट्ट्यात हात कोपरापर्यंत अडकतो, मनगट वळत नाही, वार खांद्यातून काढावा लागतो. त्याला वर्षं लागतात बाबांनो, रील नव्हे.

पुढच्या बैठकीत आधी पालखीचे खांदेकरी लिहून घेणार. शिवा काशीदांचं काम चिठ्ठी टाकून. सगळ्यांची नावं चिठ्ठीत. ज्याला नको, त्याला फेटाही नाही.