खड्डा खणून पाहा

योगी जमिनीखाली हवेवाचून तासन्‌तास राहतो म्हटले की लोक हात जोडतात. लोणावळ्याच्या कैवल्यधामातील संशोधकांनी मात्र हवाबंद खड्डाच तयार केला, त्यात माणसे बसवली आणि आतला प्राणवायू किती घटला, कार्बन डायऑक्साइड किती साचला, हे मोजले. १९६८ साली ते संशोधन प्रसिद्धही झाले. संस्थेची ही खोड मुळातलीच. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये आश्रम काढला, त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिकही. प्राणायामाने शरीराला जादा प्राणवायू मिळतो, हा समज योगाच्या प्रचाराला सोयीचाच होता. प्रयोगशाळेतले आकडे उलटे आले, तेव्हा स्वामींनी ते छापले. भक्ती कमी होती म्हणून नव्हे!

आणि आपण? ‘शुगर मुळासकट घालवतो’, ‘मुतखडा विरघळवतो’ असा निरोप मोबाइलवर आला की न वाचताच पुढे ढकलतो. मधुमेह, मुतखडा, कर्करोग बरा करण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, हे ढकलणाऱ्याच्या गावीही नसते.

‘पण आमच्या शेजाऱ्याला गुण आला!’ आला असेल. मावळातल्या भातखाचरात साप चावतो, तेव्हा पुष्कळदा तो बिनविषारी असतो. विषारी असला तरी दर वेळी विष अंगात उतरतेच असे नाही. असा माणूस भगताच्या मंत्राविनाही वाचलाच असता, पण श्रेय मंत्राला जाते. घोणस किंवा मण्यार खरोखर डसलेला माणूस त्याच उंबऱ्यावर ताटकळत राहिला, तर हकीगत सांगायला मागे उरत नाही. गुणाच्या कथा तेवढ्या गावभर फिरतात.

साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला दवाखान्यापासून अडवून गंडेदोरे करणे, हा महाराष्ट्रात २०१३ पासून गुन्हा आहे. त्या कायद्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षे झगडले. वटहुकूम निघाला तो पुण्यात त्यांचा खून झाल्यावर.

तरीही सारा दोष श्रद्धेवर ढकलणे ही आमच्या मते लबाडी आहे. रात्री दवाखान्यात लस मिळेल की नाही याची खात्री नसेल, तर माणूस जवळच्या भगताकडेच धावणार. तेव्हा भातलावणीपूर्वी मावळ तालुक्यातील प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राने सर्पदंशावरच्या लसीच्या किती कुप्या शिल्लक आहेत आणि रात्री डॉक्टर कोण, हे दारावरच्या फळ्यावर खडूने लिहावे.