शस्त्रक्रिया नागपुरात, देखभाल तालुक्यात

चंद्रपूर-गडचिरोलीत लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेचा विषय निघाला की दोन आक्षेप हटकून येतात. जिथे कुपोषण आणि सिकलसेल आहे, तिथे हे श्रीमंती चोचले कशाला? आणि जिभेवर ताबा नसलेल्यांची ही पळवाट नव्हे का?

पहिला आक्षेप कळवळ्याचा वाटतो, पण तो अन्याय करतो. कुपोषित मूल आणि घुग्घुस-बल्लारपूरकडे पाळ्यांत राबणारा, मधुमेहाने व गुडघेदुखीने जेरीस आलेला अतिलठ्ठ कामगार, दोघेही रुग्णच. एकाचा हक्क मान्य करायला दुसऱ्याचा नाकारावा लागत नाही.

दुसऱ्या आक्षेपाला शरीरशास्त्रच उत्तर देते. वजन उतरू लागले की भूक वाढते आणि शरीर गेलेले वजन परत मिळवू पाहते. निग्रह तिथे तोकडा पडतो. दुर्बिणीच्या ‘स्लीव्ह’ शस्त्रक्रियेत चार-पाच छिद्रांतून जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढतात. भुकेचे घ्रेलिन संप्रेरक मुख्यतः तिथेच तयार होते. बीएमआय (उंचीच्या तुलनेत वजनाचा निर्देशांक) ४०, किंवा ३५ आणि सोबत गंभीर सहव्याधी असताना इतर उपाय थकले, तर विमा नियामकाच्या २०१९ च्या मार्गदर्शक तत्त्वांनीही ही शस्त्रक्रिया ग्राह्य धरली आहे. चोचल्यांना असे निकष नसतात.

खरा प्रश्न शस्त्रक्रियेनंतरचा आहे. ब-१२, लोह, कॅल्शियम, ‘ड’ जीवनसत्त्व यांच्या गोळ्या आणि रक्ततपासण्या जन्मभर चालतात. सुरुवातीच्या आठवड्यांत ताप, पोटदुखी, नाडीचा वेग वाढणे ही जठराची शिवण गळत असल्याची खूण असू शकते. उलट्या थांबत नसतील तर ब-१ जीवनसत्त्व संपते. ते न देता नुसते ग्लुकोजचे सलाईन लावले तर मेंदूला इजा होऊ शकते. पर्लकोटा नदीला पूर येऊन भामरागडची वाट बंद झाली, तर ही लक्षणे नागपूरचा सर्जन नव्हे, जवळचा डॉक्टरच ओळखणार.

आणि अशी देखभाल इथे जमण्यासारखी आहे. याच गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेच्या आरोग्यदूतांनी नवजात बाळांना घरोघरी जाऊन सांभाळले, त्यातून बालमृत्यू घटल्याचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ने १९९९ मध्ये छापले. ज्या जिल्ह्याने हे करून दाखवले, त्याला या रुग्णांचा पाठपुरावा अवघड नाही.

म्हणून चंद्रपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाने आणि गडचिरोलीच्या जिल्हा रुग्णालयाने या रुग्णांसाठी नियमित बाह्यरुग्ण तपासणी सुरू करावी, प्राथमिक आरोग्य केंद्रांतील डॉक्टरांना धोक्याच्या खुणा शिकवाव्यात. आणि रुग्णांनो, संमतीपत्रावर सही करण्याआधी एक विचाराच : नंतर मला माझ्या तालुक्यात कोण तपासणार? उत्तर मिळेपर्यंत सही करू नका.