कथेचा शेवट कोणाचा?

एखादी लोकप्रिय दूरचित्रवाणी मालिका समाप्त झाली म्हणजे दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांत एका ठराविक सुराचे लेख येतात. लोक रडले, लोक चिडले, लेखकाला त्यांनीं शिव्याशाप दिले. आणि हें सर्व कशासाठीं, तर एका कल्पित गोष्टीसाठीं! स्वतःस समंजस म्हणविणाऱ्या मंडळींना असा उपहास करण्याचा मोह फार होतो. आम्हांस तो अन्यायाचा वाटतो. जीं माणसें वर्षानुवर्षें ठरल्या वेळीं आपल्या घरीं येऊन बसलीं, तीं एके रात्रीं कायमचीं निघून गेलीं तर मनास चुटपुट लागावी, हा मनुष्यस्वभावच आहे. कोरियन युद्धांतील एका लष्करी रुग्णालयाची 'मॅश' ही मालिका अमेरिकेंत १९७२ पासून अकरा वर्षें चालली. (प्रत्यक्ष युद्ध तीनच वर्षें चाललें होतें!) तिचा अडीच तासांचा अखेरचा भाग २८ फेब्रुवारी १९८३ रोजीं दहा कोटींहून अधिक लोकांनीं पाहिला. इतक्या लोकांना एकदम वेडे ठरविण्याचें धाडस आमच्यानें होत नाहीं.

परंतु शोक ही एक गोष्ट आणि तक्रार ही दुसरी. 'गेम ऑफ थ्रोन्स' ही मालिका १९ मे २०१९ रोजीं संपली. तिचें आठवें पर्व अधिक कुशल लेखकांकडून नव्यानें लिहवून घ्यावें, अशा मागणीच्या अर्जावर १५ लाखांहून अधिक लोकांनीं सह्या केल्या. ज्या कादंबऱ्यांवर ही मालिका आधारली होती, त्यांच्या पुढें ती केव्हांच निघून गेली होती. आणि जे स्वभाव सात पर्वें सावकाश रंगविले, ते अखेरच्या सहा भागांत घाईनें उरकले गेले, असें प्रेक्षकांचें म्हणणें होतें. हें म्हणणें वाजवी आहे. कथाकारानें आपल्याच पात्रांशीं इमान राखलें नाहीं तर श्रोत्यानें त्याला तसें तोंडावर सांगावें. पण अंगरखा तंग झाला म्हणून शिंप्याकडे परत नेतां येतो, तशी कथा नेतां येत नाहीं. बहुमतानें जोडलेला शेवट सह्या करणाऱ्यांना तरी कितपत रुचला असता, याची आम्हांस शंकाच आहे. तें पर्व अर्थातच पुन्हां चित्रित झालें नाहीं.

कधीं कधीं तर शेवट नसणें हाच शेवट असतो. 'द सोप्रानोज' या मालिकेच्या अखेरच्या भागांत, १० जून २००७ रोजीं, टोळीचा नायक आपल्या कुटुंबासह एका उपाहारगृहांत बसला आहे. दाराची घंटा वाजते, तो मान वर करतो, आणि पडदा एकाएकीं काळा होतो. पुष्कळांना आपलें यंत्रच बिघडलें असें वाटलें, आणि मग केवढा संताप झाला! आमच्या शाळेंतील प्रत्येकानें उधळ्या पुत्राचा दृष्टांत ऐकलेला आहे. धाकटा घरीं परतला, मेजवानी सुरू झाली. थोरला मात्र रागानें बाहेर उभा आहे आणि बाप त्याची समजूत घालीत आहे. पुढें थोरला आंत गेला काय? लूकच्या शुभवर्तमानांत याचें उत्तर नाहीं. तें ऐकणारानें आपल्या मनांत शोधावयाचें आहे. हा दृष्टांत पुरा करून द्यावा म्हणून कोणीं अर्ज केल्याचें ऐकिवांत नाहीं.

आपल्या देशांत १९८८ सालीं जें घडलें, तें मात्र यांपैकीं कोणत्याच मापानें मोजतां येत नाहीं. रामानंद सागर यांचें 'रामायण' दूरदर्शनवर २५ जानेवारी १९८७ पासून रविवारीं सकाळीं दाखविलें जाऊं लागलें. लोक स्नान करून त्यापुढें बसत. कित्येक घरीं यंत्रास हार घातला जाई. ३१ जुलै १९८८ रोजीं ७८ भागांनंतर श्रीरामाच्या राज्याभिषेकावर कथा संपविण्यांत आली. उत्तरकांड घ्यावयाचें नाहीं, असा मूळ बेत होता. त्याविरुद्ध जालंधरच्या सफाई कामगारांनीं संप केला. तो उत्तर भारतांतील इतर शहरांत पसरला, रस्त्यांत कचरा सांचला, रोगराईचें भय निर्माण झालें. आणि शेवटीं सरकारास पुढील कथा दाखविण्याचें मान्य करावें लागलें.

गोष्टीसाठीं झाडू खालीं ठेवणारे लोक म्हणून यांची थट्टा करणें फार सोपें आहे. पण हे लोक कोण होते? त्यांच्यांत पुष्कळ जण वाल्मीकि समाजाचे होते, व हा समाज आदिकवीस आपला गुरु मानतो. टाकलेल्या सीतेला आसरा मिळतो तो वाल्मीकींच्या आश्रमांत. लव-कुशांना रामकथा शिकवितात तेही वाल्मीकीच. आणि हा सर्व भाग उत्तरकांडांत आहे. देशभर सर्वांनीं मिळून ऐकिलेली कथा नेमकी आपल्या गुरूच्या दारापाशीं येण्याआधीं थांबणार, हें त्यांना दिसलें. शहराचें आरोग्य पणास लावणें आम्हांस रुचत नाहीं, हें स्पष्ट सांगितलें पाहिजे. परंतु मालिकेच्या लेखनांत ज्यांना कोणी विचारीत नव्हतें, त्यांच्या हातीं झाडूवांचून दुसरें होतें तरी काय?

शिवाय, त्यांनीं गोड शेवट मागितला नव्हता. गोड शेवट तर झालाच होता: रावण पडला, अयोध्येंत दिवे लागले, राम सिंहासनावर बसले. त्यांना हवा होता तो लोकापवाद, सीतेचा वनवास, आणि अखेरीस तिचें भूमीच्या उदरांत जाणें. जें पाहून डोळ्यांस पाणी यावें, तेंच त्यांनीं संप करून मागून घेतलें. २०२० सालच्या टाळेबंदींत दूरदर्शननें तें 'रामायण' पुन्हां दाखविलें. एप्रिल महिन्यांत राज्याभिषेक होतांच त्याच्या पाठोपाठ उत्तरकांडाचे भागही सुरू झाले, आणि या खेपेस त्यासाठीं कोणाला संप करावा लागला नाहीं.